कॅनडाचे कार्ड संपले. हक्कही संपला काय?

कोकणातल्या आणि मुंबईतल्या ज्या घरांतून माणसे आखातात गेली, त्या घरांत सहा महिन्यांचा हिशेब लहान मुलालाही पाठ असतो. संयुक्त अरब अमिरातीचा साधा रहिवास व्हिसा असलेला माणूस सलग सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिला, की तो व्हिसा सर्वसाधारणपणे बाद होतो. त्यामुळे गावी आलेला माणूस पाचव्या महिन्यात तिकिटाची चौकशी सुरू करतो.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत यांपैकी अनेक कुटुंबांनी पुढची मजल मारली. कोणी दुबईत नोकरी करता करता कॅनडाचा अर्ज भरला, कोणी मुंबईहून थेट गेले. कायम रहिवासाचा हक्क मिळाला, पी.आर. कार्ड हाती आले. मग वालिद आजारी पडले, गावचे दुकान सांभाळायला कोणी राहिले नाही, किंवा टोरांटोत मनासारखे काम मिळेना म्हणून गृहस्थ परतले. वर्षभरासाठी म्हणून आलेला माणूस चार-पाच वर्षे अडकला आणि एके दिवशी कपाटातून कार्ड काढून पाहतो तो त्याची मुदत संपलेली!

अशा वेळी दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, "आता सगळे संपले, नव्याने अर्ज करा." दुसरा म्हणतो, "काही नाही हो, कार्ड नवे करून घ्या, झाले." हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि दोन्हींमुळे नुकसान होते. पहिल्याने हातात असलेला हक्क माणूस स्वतःहून सोडून देतो. दुसऱ्याने हिशेब न मांडता अर्ज करून तो तोच हक्क गमावून बसतो. म्हणून नियम नेमका काय आहे, हे नीट समजून घेतले पाहिजे.

कार्ड वेगळे, हक्क वेगळा

पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी ती ही, की पी.आर. कार्ड हा हक्काचा पुरावा आहे, स्वतः हक्क नव्हे. दुकानाच्या परवान्याची पाटी भिंतीवरून पडली म्हणून परवाना रद्द होत नाही, तसेच हे आहे. कार्डाची मुदत बहुधा पाच वर्षांची असते. ती संपली तरी माणूस कायम रहिवासी राहतोच.

मग हक्क संपतो केव्हा? कायद्याने त्याचे ठरावीक प्रसंग सांगितले आहेत. माणूस कॅनडाचा नागरिक झाला, तर रहिवासाचा प्रश्नच उरत नाही. त्याने स्वतः अर्ज करून हक्क सोडला, तर तो संपतो. त्याने रहिवासाची अट पाळली नाही असा अधिकाऱ्याने निर्णय दिला आणि तो निर्णय अंतिम झाला, तर संपतो. देशाबाहेर काढण्याचा हुकूम अमलात आला, तरीही संपतो. निर्वासित म्हणून आलेल्यांसाठी आणखी काही प्रसंग आहेत. ते येथे सोडून देऊ. मात्र नुसते कॅलेंडरचे पान उलटल्याने हक्क जात नाही. तो जातो निर्णयाने, आणि निर्णय होतो तो आपण अर्ज करतो किंवा सरहद्दीवर उभे राहतो तेव्हा. या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे.

जुनी मंडळी अजून "सहा महिने" सांगतात, त्यालाही कारण आहे. १९७६ च्या इमिग्रेशन कायद्यानुसार बारा महिन्यांत १८३ दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या माणसाने कॅनडा सोडला असे गृहीत धरले जाई आणि लांब जाणारे परतीचा परवाना घेऊन जात. २८ जून २००२ रोजी नवा कायदा अमलात आला आणि तो हिशेब बदलला. तेव्हा सहा महिन्यांची धास्ती आता कोणी बाळगू नये. पण नव्या अटीकडे दुर्लक्षही करू नये.

७३० दिवसांचा जमाखर्च

आजची अट अशी: प्रत्येक पाच वर्षांच्या काळात किमान ७३० दिवस कॅनडात काढलेले असावेत. ते सलग असण्याची गरज नाही. दिवसाचा काही भाग जरी कॅनडात गेला तरी तो पूर्ण दिवस धरतात, म्हणजे येण्याचा आणि जाण्याचा दिवसही जमेस येतो. सरळ हिशेब असा, की पाच वर्षांत साधारण १,०९५ दिवस, म्हणजे तीन वर्षे, बाहेर राहता येते.

पण ही पाच वर्षे कोणती? येथे पुष्कळजण चुकतात. कार्डावर छापलेल्या तारखा येथे लागू होत नाहीत. ज्या दिवशी अधिकारी आपला हिशेब पाहतो, त्या दिवसापासून मागची पाच वर्षे मोजली जातात. त्याआधी काढलेले दिवस कितीही असोत, ते जमेस येत नाहीत. तसेच त्याआधीची गैरहजेरीही खर्ची पडत नाही. ज्याला हक्क मिळून पाच वर्षे झालेली नाहीत, त्याने पहिल्या पाच वर्षांत ७३० दिवस भरू शकेल एवढे दाखवले की पुरते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक गृहस्थ १ जून २०१८ रोजी कायम रहिवासी म्हणून उतरले आणि ३१ जुलै २०१९ रोजी गावी परतले. त्यांचे ४२६ दिवस जमा झाले. पहिली पाच वर्षे ३१ मे २०२३ ला पुरी होणार. राहिले ३०४ दिवस. म्हणजे १ ऑगस्ट २०२२ पर्यंत परत येऊन ते तिथेच राहिले असते, तर ७३० चा आकडा बरोबर जुळला असता. ते तेव्हा आले नाहीत. १ एप्रिल २०२५ रोजी त्यांनी परत जाण्यासाठी अर्ज केला, असे धरा. आता हिशेब १ एप्रिल २०२० पासूनचा होणार आणि त्यात जमेच्या बाजूला शून्य! पूर्वीचे ४२६ दिवस वहीच्या जुन्या पानावर राहून गेले.

तेव्हा अर्जाचा कागद हातात घेण्यापूर्वी वही-पेन घ्यावे. जुने-नवे सर्व पासपोर्ट समोर ठेवून जाण्या-येण्याची प्रत्येक तारीख लिहून काढावी आणि बेरीज करावी.

बाहेरचे कोणते दिवस जमेस येतात?

काही दिवस बाहेर राहूनही कॅनडात राहिल्यासारखे धरले जातात. पती किंवा पत्नी कॅनडाची नागरिक असेल आणि दोघे बाहेर एकत्र राहत असतील, तर ते दिवस जमेस येतात. लहान मूल नागरिक असलेल्या आई-वडिलांसोबत बाहेर राहत असेल, तर त्या मुलाचे दिवसही धरतात. कॅनडातील कंपनीने किंवा सरकारी खात्याने आपल्या पूर्णवेळ नोकराला बाहेर कामावर पाठवले असेल, तर त्याचे आणि त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबाचे दिवस मोजले जातात.

आता यातले गैरसमज पाहू. पहिला गैरसमज मातांचा. मूल कॅनडात जन्मले म्हणून ते नागरिक आहे. त्याला घेऊन आई रत्नागिरीला पाच वर्षे राहिली, तर तिचे दिवस भरले असे तिला वाटते. तसे होत नाही. मुलाच्या नागरिकत्वाने आईचे किंवा बापाचे दिवस भरत नाहीत.

दुसरा गैरसमज व्यापाऱ्यांचा. कॅनडात एक कंपनी नोंदवावी, स्वतःलाच तिचा नोकर दाखवावे आणि मुंबईत नाहीतर दुबईत बसून धंदा करावा, असा सल्ला काही एजंट देतात. कायद्याने हे दार आधीच लावून ठेवले आहे. केवळ रहिवासाची अट भागवण्यासाठी चालवलेला धंदा कॅनडाचा धंदा मानला जात नाही. शिवाय माणूस पूर्णवेळ नोकर असावा लागतो आणि कंपनीने त्याला तिकडून इकडे पाठवलेले असावे लागते. कॅनडाच्या कंपनीने दुबईतच नेमलेल्या माणसाचे दिवस बहुधा धरले जात नाहीत. स्वतःचा आयात-निर्यातीचा धंदा असलेल्यालाही हा मार्ग नाही.

दिवस कमी भरले तर

ज्याचे ७३० दिवस भरतात त्याला काळजीचे कारण नाही. तो कॅनडात असेल तर तिथूनच नवे कार्ड मागावे. मुदत संपायला नऊ महिन्यांहून कमी उरले की अर्ज करता येतो. कार्डाचा अर्ज कॅनडात असतानाच करायचा असतो, गावी बसून नव्हे.

तो गावी असेल आणि कार्ड संपले असेल, तर विमान कंपनी त्याला चढू देणार नाही. ३१ डिसेंबर २००३ पासून विमानाने परतणाऱ्या कायम रहिवाशाला चालू कार्ड किंवा कायम रहिवाशाचे प्रवासपत्र दाखवावे लागते. हे प्रवासपत्र कॅनडाच्या बाहेरून मागवायचे असते. अर्ज आला की अधिकारी मागच्या पाच वर्षांचा हिशेब पाहतो. दिवस भरले असतील तर पत्र मिळते.

खरी अडचण दिवस कमी पडलेल्यांची आहे. येथे कार्डाची मुदत शिल्लक आहे की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

कार्ड चालू असेल तर प्रवासपत्राची गरज नाही. माणूस विमानात बसू शकतो. उतरल्यावर सरहद्दीवरचा अधिकारी प्रश्न विचारील. त्यांची उत्तरे खरीच द्यावीत. कायम रहिवासी असल्याची खात्री पटली की दिवस कमी असले तरी त्याला आत घ्यावेच लागते. तो कायद्याने दिलेला हक्क आहे. मात्र अधिकारी अट न पाळल्याचा अहवाल लिहू शकतो आणि त्यावरून देश सोडण्याचा हुकूम निघू शकतो. त्यावर तीस दिवसांत अपील करता येते आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत माणूस कायम रहिवासीच राहतो. अहवाल लिहिला गेला नाही, तर त्याने कॅनडातच राहून ७३० दिवस पुरे करावेत. तोवर देशाबाहेर जाऊ नये आणि कार्डाच्या नूतनीकरणाची घाई करू नये. दोन वर्षांनी मागची पाच वर्षे मोजली, की हिशेब आपोआप जुळतो. पुष्कळजण येथेच चुकतात. उतरल्या उतरल्या नव्या कार्डाचा अर्ज टाकतात आणि कमी भरलेली वही स्वतःच अधिकाऱ्यापुढे उघडी करतात.

कार्ड संपलेले असेल आणि माणूस गावी असेल, तर बहुतेकांपुढे प्रवासपत्राचाच मार्ग उरतो. अमेरिकेचा व्हिसा असलेली काही मंडळी तिथे उतरून खाजगी मोटारीने सरहद्द ओलांडतात, कारण कार्डाची ती अट विमान, रेल्वे, बस अशा भाड्याच्या वाहनांसाठी आहे. परंतु सरहद्दीवरची चौकशी तिथेही चुकत नाही आणि आपण कायम रहिवासी आहोत हे पटवून द्यावेच लागते.

कारण सांगावे, पुराव्यानिशी सांगावे

दिवस कमी भरले म्हणजे सर्व संपले असेही नाही. मानवी आणि सहानुभूतीच्या कारणांवरून अधिकारी हक्क कायम ठेवू शकतो. मात्र तशी विनंती अर्जातच स्पष्ट करावी लागते. "मला माफ करावे" एवढे लिहून भागत नाही.

अधिकारी काय पाहतो? दिवस कितीने कमी पडले. माणूस कॅनडाबाहेर का गेला आणि का अडकला. अडचण दूर होताच तो परतला की त्यानंतरही रेंगाळला. कॅनडात त्याचे कोण आहे. घर, नोकरी, खाते, कर, काही धागा उरला आहे काय. हक्क गेला तर त्याला आणि त्याच्या माणसांना कोणता त्रास होईल. आणि या निर्णयाचा ज्या मुलांवर थेट परिणाम होणार आहे त्यांचे हित कशात आहे. ही शेवटची बाब विचारात घ्यावी असे कायद्यानेच सांगितले आहे.

आता दोन माणसे समोर ठेवा. एकाचे वडील अर्धांगवायूने तीन वर्षे अंथरुणाला खिळले होते, दुसरा भाऊ नव्हता, वडिलांचे दफन झाल्यावर तीन महिन्यांत त्याने अर्ज केला आणि त्याची पत्नी व शाळेत जाणारी मुले कॅनडातच आहेत. दुसऱ्याचा भिवंडीतला धंदा बरा चालला होता म्हणून तो सहा वर्षे राहिला आणि आता मंदी आली म्हणून परत जाऊ म्हणतो. पहिल्याची बाजू भक्कम आहे, दुसऱ्याची कच्ची. रोजी कमावणे हा दोष नव्हे. पण स्वखुशीने बाहेर राहणे आणि नाइलाजाने राहणे यांत कायदा फरक करतो.

पहिल्या माणसाची बाजू भक्कम असली तरी कागदाशिवाय ती उभी राहत नाही, आणि आपली मंडळी कमी पडतात ती येथेच. दवाखान्याचे कागद, शस्त्रक्रियेची बिले, डॉक्टरांचे पत्र, मृत्यूचा दाखला, रद्द केलेली तिकिटे, मुलांचे शाळेचे दाखले, कॅनडातील कर भरल्याच्या नोटिसा, भाड्याच्या पावत्या, हे सर्व जोडावे. मराठी किंवा उर्दूतील कागदांचे इंग्रजी वा फ्रेंच भाषांतर करून द्यावे लागते. मयताचे घर आवरताना औषधांच्या जुन्या चिठ्ठ्या जाळून टाकण्याची पद्धत आहे. ज्याच्या घरात परदेशी रहिवासाचा प्रश्न आहे, त्याने तरी असे करू नये.

नकार आला तर साठ दिवस

प्रवासपत्र नाकारले गेल्याचा लेखी निर्णय कारणांसह येतो. तो हाती पडल्यापासून साठ दिवसांत इमिग्रेशनच्या अपील विभागाकडे अपील करता येते. या मुदतीत अपील केले नाही, तर निर्णय अंतिम होतो आणि हक्क जातो. तेव्हा नकाराचे पत्र आले म्हणून खचून ते ड्रॉवरमध्ये टाकू नये. साठ दिवस फार नसतात.

येथे एक उपयोगी तरतूद आहे. अधिकाऱ्याने हिशेब पाहिला त्याआधीच्या ३६५ दिवसांत माणूस निदान एकदा कॅनडात जाऊन आला असेल, तर अपील चालू असताना किंवा अपिलाची मुदत शिल्लक असताना त्याला प्रवासपत्र मिळते आणि तो तिकडे हजर राहून आपली बाजू मांडू शकतो. दिवस भरत नसले तरी वर्षातून एकदा जाऊन येण्याचा फायदा तो हा.

हक्क सोडणे हाही एक मार्ग

काही वडीलधाऱ्यांना आता तिकडे राहायचे नसते. मुलगी ब्रॅम्प्टनला आहे, नातवंडांना भेटावे, दोन महिने राहून परत यावे, एवढीच इच्छा असते. त्यांनी पाहुण्याचा व्हिसा मागितला की अडचण येते, कारण कायम रहिवाशाला पाहुण्याचा व्हिसा देत नाहीत. अशांनी कायम रहिवास स्वेच्छेने सोडण्याचा अर्ज करून मग पाहुण्याचा व्हिसा घेणे सोयीचे ठरते. मुले किंवा नातवंडे तिकडची नागरिक वा कायम रहिवासी असतील, तर आई-वडील व आजी-आजोबांसाठी सुपर व्हिसा आहे. जुलै २०२२ पासून त्यावर एका खेपेत पाच वर्षांपर्यंत राहता येते.

मात्र एकदा सोडलेला हक्क मागून परत मिळत नाही. नव्याने अर्ज करून पात्र ठरावे लागते. तेव्हा घरात बसून, मुलांशी बोलून, शांतपणे ठरवावे. एजंटाने पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही करू नये. प्रवासपत्राचा अर्ज समजून हक्क सोडण्याच्या अर्जावर सही झाली, तर पुढे पश्चात्तापाचा उपयोग नाही.

खोट्या शिक्क्याची किंमत

शेवटी एक इशारा. दिवस कमी पडले की "शिक्के मारून देतो", "तिकडचे भाडेपत्र करून देतो" म्हणणारे भेटतात. २०१५ साली व्हँकुव्हर परिसरातील एका सल्लागाराला याच धंद्यासाठी सात वर्षांची शिक्षा झाली. तो गिऱ्हाइकांच्या पासपोर्टांवर बनावट शिक्के मारून ते कॅनडातच होते असे दाखवीत असे. शिक्षा त्याला झाली, पण त्याच्या शेकडो गिऱ्हाइकांच्या फायलीही उघडल्या गेल्या आणि कित्येकांना आपल्या हक्कावर पाणी सोडावे लागले.

आता तर शिक्क्यावर काही अवलंबूनच राहिलेले नाही. जमिनीच्या सरहद्दीवरून बाहेर जाणाऱ्यांची नोंद २०१९ पासून आणि विमानाने जाणाऱ्यांची २०२० पासून कॅनडाच्या सरहद्द खात्याकडे जमा होते. खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले तर हक्क जातो, पाच वर्षे प्रवेशबंदी होते आणि खटला भरला गेल्यास एक लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतात. दिवस कमी पडलेल्या खऱ्या माणसाला कायद्यात जागा आहे. दिवस भरलेले दाखवणाऱ्या खोट्या माणसाला ती नाही.

पैसे देऊन सल्ला घ्यायचा तर तो कॅनडातील वकिलाचा, क्वेबेकच्या नोटरीचा किंवा तिथल्या सल्लागारांच्या महाविद्यालयाकडे नोंद असलेल्या सल्लागाराचाच घ्यावा. ही सल्लागारांची नियामक संस्था २०२१ पासून काम करते आणि तिच्या यादीत नाव आहे की नाही, हे कोणालाही पाहता येते. यादीत नाव नसलेल्या माणसाला अशा कामाचे पैसे घेण्याचा अधिकार नाही, मग त्याचे कार्यालय कितीही झकपक असो.

जे अजून तिकडे आहेत आणि गावी येण्याच्या विचारात आहेत, त्यांनी निघण्याआधी चार गोष्टी कराव्यात. आजवरचे दिवस मोजावेत. परतण्याची शेवटची तारीख काढून ती घरातल्या दोघा-तिघांना सांगून ठेवावी. कार्डाची मुदत पाहून घ्यावी. आणि नागरिकत्वासाठी पाच वर्षांत १,०९५ दिवस लागतात, त्याला किती कमी आहेत, हेही पाहावे. थोडेच कमी असतील तर तेवढे भरून निघणे शहाणपणाचे, कारण नागरिकाला ७३० दिवसांची अट नाही. मात्र नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते, याचा विचार आधीच झालेला असावा.

आणि जे इकडे येऊन अडकले आहेत, त्यांनी आज रात्री दुकान बंद केल्यावर जुने पासपोर्ट काढावेत आणि तारखा लिहायला बसावे. आकडा समोर आला म्हणजे पुढचा मार्ग कोणता, हे ठरवणे सोपे जाते.